एकशिपी

ज्या थर्माकोलच्या पेटीतून बर्फ घालून
आम्ही कोल्हापूरला सुरमई पाठवतो
तसल्याच पेटीतून तो आला.
एसटीच्या मागच्या सीटवर, माझ्या मांडीवर,
फोंडा घाट उतरून तारामुंबरीला.
पिशवीत दोन तांबे पाणी, वर भरलेला प्राणवायू,
मधे रुपयाएवढा जीव.
पांढऱ्यावर तांब्याच्या रंगाचे पट्टे,
तोंड दाभणासारखं.
आईने पिशवी उजेडात धरली, म्हणाली,
"ह्येका साफ केलो तर हातात काय रवतला?"

दिवा बंद केला. पिशवी तरंगत ठेवली.
मग माळ्यावरची सलाईनची नळी काढली, बाबांच्या वेळची,
चाक आवळून लावली,
सेकंदाला दोन थेंब, आमचं पाणी त्याच्या पाण्यात.
दीड तास.
आई दारातून नळीकडे बघत होती.

मोठ्या टाकीत लगेच सोडायचा नाही.
वेगळी काच, तळाला वाळू नाही,
लपायला पाइपचा तुकडा, तीन बाजूंनी वर्तमानपत्र.
खारटपणा रोज मोजायचा,
तो जिभेला कळत नाही,
ह्या किनाऱ्यावर जन्मलेल्या जिभेलासुद्धा.

दाणे टाकले, ते बुडाले.
सुका जवळा भिजवून टाकला.
ओली करंदी तांदळाच्या कणीएवढी चिरली,
लसणीच्या रसात घोळवली, वासाने तरी यावा म्हणून.
आई चुलीपाशी अर्धी वाटी पेज घेऊन बसलेली.
"उद्या सोलां घाल, तिरफळां घाल.
कालवण तयार झाला,
मासोच काय तो घालूचो रवलो."

तो यायचा, एक डोळा वळवून बघायचा,
तोंडाजवळ आलेली कणी जाऊ द्यायचा.
उरलेलं नळीने ओढून काढायचं,
नाहीतर पाणी नासतं.
दुकानात मुजावरांना फोन लावला.
"आमच्याकडे तर खात होता."
खाताना बघितल्याशिवाय घेऊ नये,
हे मला ठाऊक होतं.
ठाऊक असून घेतला. रंगाला भुललो, चाळिशी उलटल्यावर.

सहा दिवसांत पोट आत गेलं,
डोक्यामागे खाच पडली.
कल्ल्यांची उघडझाप घड्याळ लावून मोजत होतो.
अंगावर पांढरे ठिपके नव्हते, एवढंच बरं.
बंदरावर कळलं होतं सगळ्यांना.
"विश्राम तारी दर्यात मारता नि घरात जगवता,"
जाळं झाडता झाडता कुणीतरी म्हणालं,
आणि मीही हसलो.

आठव्या दिवशी ओहोटीला आई खाडीत उतरली.
ओचाभर तिसऱ्या घेऊन आली,
विळीवर बसून एकशिपी करू लागली,
एक शिंपलं टाकायचं, मांस दुसऱ्यात राहू द्यायचं.
पाच-सहा झाल्यावर एक माझ्या हातात दिली.
"ही घाल. अशीच. चिरू नको."

पाइपाला टेकवून ठेवली. खुर्ची ओढून बसलो.

"आता हयसून ऊठ," ती म्हणाली.
"मी ह्या घरात इलंय तेव्हा
चार दिवस घास उतराना नाय.
सगळी बघीत होती.
मगे तुझ्या आतयेन ताट ठेवल्यान
नि पाठ करून जाळा शिवूक बसली."

पडवीत गेलो. बर्फाच्या कारखान्याचा भोंगा झाला.
दोन विड्या ओढल्या, एकही पुरी नाही.
आत डोकावलो तेव्हा
दाभण शिंपल्यात होतं, शेपटी वर,
मांसाचा तुकडा ओढून निघत नव्हता,
तो पुन्हा टोचत होता, पुन्हा.
मला बघून पाइपामागे गेला.
शिंपल्यात अर्धं उरलं होतं.

अजून महिनाभर ह्याच काचेत.
दिवसातून तीनदा, थोडं थोडं.
ठिपके येऊ शकतात अजून, मुजावर म्हणाले,
पोट भरलं म्हणून गाफील राहू नका.

रात्री उरलेल्या तिसऱ्यांचं सुकं केलं, नारळ घालून.
आईने स्वतःचं ताट वाढून घेतलं.
मी सलाईनची नळी धुवायला
मागच्या विहिरीवर गेलो
आणि बराच वेळ धूत राहिलो.